कॉनराड गेस्नर : एका सूचिकाराचे चरित्र

शोधनिबंधाच्या अखेरीस येणारी संदर्भसूची आपल्याकडे बहुधा उपचार म्हणून उरकली जाते. ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक, स्थळ, वर्ष, आवृत्ती यांचा क्रम लावला की काम संपले, असा समज रूढ आहे. ही नोंदीची शिस्त युरोपात ज्यांनी घडवली, त्यांत कॉनराड गेस्नर (१५१६-१५६५) याचे स्थान महत्त्वाचे होय. आणि त्याच्यापुरती ती ग्रंथनाशाच्या भयातून जन्मली होती.

झुरिक येथील एका गरीब कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील १५३१ मध्ये काप्पेलच्या धर्मयुद्धात मारले गेले. बूर्ज व पॅरिस येथे शिक्षण, १५३७ पासून लोझान येथे ग्रीकचे अध्यापन, १५४१ मध्ये बाझेलची वैद्यकाची पदवी, हे टप्पे येथे ओझरतेच सांगणे पुरे.

१५२६ मध्ये तुर्की आक्रमणात बुडा येथील राजग्रंथालयाची वाताहत झाली. मुद्रणकला हाताशी असतानाही ग्रंथ नष्ट होतात, ही जाणीव गेस्नरच्या मनात खोलवर रुजली. १५४५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने 'बिब्लिओथेका युनिव्हर्सालिस' ही सूची झुरिकच्या फ्रोशाउअर मुद्रणालयातून प्रसिद्ध केली. लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषांतील सुमारे तीन हजार ग्रंथकार तीत आहेत. ट्रिथेमिउसने १४९४ मध्ये ख्रिस्ती धर्मविषयक ग्रंथकारांची सूची केली होती. गेस्नरने विषयाचे व धर्माचे कुंपणच काढून टाकले. मुद्रित आणि हस्तलिखित, उपलब्ध आणि लुप्त, विद्वानाचे आणि सामान्याचे, सारेच त्याने नोंदवले. निवड त्याने वाचकावर सोपवली. सूचिकाराने न्यायाधीश होऊ नये, हा त्याचा आग्रह आजही पचनी पडणे कठीण आहे. आपल्याला न पटणाऱ्या समीक्षकाचे नाव सूचीतून सोयीस्करपणे गळते, हे कोणाला ठाऊक नाही?

ग्रंथकारांचा वर्णानुक्रम त्याने आडनावाने न लावता प्रथमनामाने लावला. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. पण तत्कालीन विद्वत्परंपरा तीच होती, आणि अडचण ओळखून त्याने आडनावांची स्वतंत्र सूचीही जोडली.

१५४८ मध्ये 'पांडेक्टे' या विषयवार खंडाचे एकोणीस भाग निघाले. प्रत्येक भाग त्याने एकेका मुद्रकाला अर्पण केला. सूची कशी करावी, हेही त्याने याच ग्रंथात सांगितले आहे. कागदाच्या एकाच बाजूस नोंदी लिहाव्यात, कात्रीने त्यांच्या चिठ्ठ्या कराव्यात, त्या क्रमाने मांडाव्यात आणि क्रम पक्का झाल्यावरच चिकटवाव्यात. कार्डांवर नोंदी करून पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवणाऱ्या आपल्याकडील अभ्यासकांना ही रीत परकी वाटणार नाही. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील 'मराठी ग्रंथसूची' ज्याने एकदा तरी चाळली आहे, त्याला अशा नोंदींमागचे कष्ट वेगळे सांगावे लागत नाहीत.

रोमच्या १५५९ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेस्नरचेही नाव आले. ग्रंथांची सूची करणारा असा स्वतःच एका सूचीत बंदिस्त झाला. प्राणिशास्त्रावरील त्याचे विशाल लेखन याच काळातले. १५६५ च्या डिसेंबरात झुरिकमध्ये प्लेगने त्याचे निधन झाले. 'पांडेक्टे'चा धर्मशास्त्रावरील एकविसावा भाग १५४९ मध्येच निघाला होता. वैद्यकाचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या व्यवसायाचा, विसावा भाग मात्र कधीच प्रसिद्ध झाला नाही.