जोतीरावांचा निर्मिक

गेल्या श्रावणात वचन-निरूपणासाठी इंदूरला जाणे झाले. होळकरांच्या चाकरीनिमित्त माळव्यात गेलेल्या मराठी घराण्यांची नातवंडे-पणतवंडे तेथे आजही घरात मराठी बोलतात आणि निरूपणाला आवर्जून येतात. तिसऱ्या दिवशी निरूपण आटोपल्यावर एक सेवानिवृत्त सद्गृहस्थ पुढे आले. त्यांनी हात जोडले, पाया मात्र पडले नाहीत. देव आहे अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. परंतु अमुक धर्माचा म्हणून आपले नाव कोणत्याही वहीत असावे असे त्यांना वाटत नव्हते. अशा माणसाला वचनकारांच्या अंगणात जागा आहे काय, एवढेच त्यांना विचारायचे होते. आमच्या बरोबरीच्या मंडळींना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटला. मला तो फार जुना वाटला. मी त्यांना पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाचे नाव सांगितले. गाडीची वेळ झालेली असल्याने बाकीचे राहून गेले, ते आता सर्व वाचक शरणबंधूंपुढे ठेवतो.

महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म 1827 साली पुण्यात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशवाईत सरकारवाड्यात फुले पुरविण्याचे काम या घराकडे आले आणि फुले हेच नाव पडले. आई चिमणाबाई मूल वर्षाचे होते न होते तोच गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर या मावसनात्यातील बाईंनी त्यांना वाढविले. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, लोकांच्या सांगण्यावरून काढले, आणि गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी समजूत घातल्यावर 1841 साली पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत पाठविले. एक मुसलमान, एक ख्रिस्ती आणि शाळेतले जिवलग मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे ब्राह्मण. सत्य एकाच कुंपणात बांधून ठेवलेले नसते हे जोतीरावांना ग्रंथ वाचण्याआधीच घरच्या ओट्यावर कळले असावे.

1847 साली थॉमस पेन या इंग्रज लेखकाचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. या पेनची कथा आपल्या विषयाशी लागूनच आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ज्याच्या लेखणीने लोक पेटून उठले, त्याच माणसाने 1794 साली धर्मविषयक पुस्तक काढले आणि ईश्वर एक आहे, मात्र कोणत्याही चर्चचा मी नव्हे, अशी भूमिका घेतली. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्याला नास्तिक ठरवून वाळीत टाकले. 1809 साली तो वारला तेव्हा मूठमातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे होती. देव नाकारणाऱ्याला समाज एक वेळ क्षमा करतो. देव मानून मध्यस्थ नाकारणाऱ्याला मात्र करीत नाही. कल्याण नगरीत बाराव्या शतकात शरणांची जी पांगापांग झाली ती आठवली म्हणजे हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पुढचा इतिहास शाळकरी मुलांनाही पाठ असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. 1848 साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा अपमान झाला. त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली व सावित्रीबाई शिकवू लागल्या. 1849 साली लोकांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. 1863 साली विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. 1868 साली स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. पुण्याच्या नगरपालिकेत ते काही वर्षे सभासद होते. उपजीविका शेतीवर आणि बांधकामाच्या ठेक्यांवर चाले. खडकवासल्याच्या धरणाच्या कामातही त्यांचा ठेका होता. धर्मावर बोलणाऱ्या या माणसाने धर्मावर पोट भरले नाही. आपल्या परंपरेत ज्याला कायक म्हणतात त्याचे हे चोख उदाहरण आहे. दक्षिणेवर ज्याचा संसार चालतो त्याला दक्षिणेविरुद्ध बोलता येत नाही. हे लिहिताना माझ्या मठाची पावतीपुस्तके माझ्या शेजारच्याच कपाटात आहेत, हे मी विसरलेलो नाही.

खरा कस मिशनच्या बाजूने लागला. मिशनरी मंडळींशी जोतीरावांचा स्नेह होता, आणि ख्रिस्ती होण्याने त्यांचे किती तरी क्लेश वाचले असते. त्यांच्या पिढीतले बाबा पदमनजी 1854 साली ख्रिस्ती झाले. जोतीराव झाले नाहीत. येशूविषयी त्यांना आदर होता, महंमद पैगंबरांवर त्यांनी काव्य रचले, बुद्धाचा गौरव केला. परंतु कोणाच्याही उंबरठ्याच्या आत जाऊन त्यांनी दार लावून घेतले नाही. इकडे 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला होता. मूर्तीवाचून एकेश्वराची प्रार्थना करणारी, विद्वान आणि सज्जन मंडळी त्यात होती. जोतीरावांना तेथेही जाववले नाही. शेतकरी उपाशी असता सुशिक्षितांनी बसून केलेली प्रार्थना त्यांना पोकळ वाटे. यात त्यांनी प्रार्थना समाजावर थोडा अन्याय केला असे मला वाटते; त्याच समाजाच्या प्रचारकांपैकी विठ्ठल रामजी शिंदे यांनी पुढे 1906 साली अस्पृश्यांसाठी मिशन काढले. पण ते जोतीरावांच्या पश्चात.

त्यांनी देवाला नाव दिले ‘निर्मिक’. संस्कृत पाठशाळेत वाढलेल्या माझ्या कानाला हा शब्द प्रथम खटकला. निर्माता असा सरळ शब्द असता हे आडवळण कशाला, असे वाटले. आता माझी समजूत अशी झाली आहे की ते आडवळण मुद्दामच होते. शिव म्हणा, विष्णू म्हणा, अल्ला म्हणा, प्रत्येक नावामागे एक पुराण येते, पुराणामागे देऊळ येते आणि देवळाच्या दाराशी कोणीतरी हात पसरून उभा असतो. ज्या नावावर अजून कोणाचा हक्क लागलेला नाही असे नाव त्यांना हवे होते.

1888 साली मुंबईच्या मांडवी भागात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. हातून लेखणी सुटली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहावयास आरंभ केला आणि ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ सिद्ध केले. ग्रंथ प्रश्नोत्तररूप आहे. एकेक मनुष्य येऊन शंका विचारतो व जोतीराव उत्तर देतात. निर्मिकाला फुले वाहावीत काय? नको. नैवेद्य दाखवावा काय? नको. नामाचा जप करावा काय? तोही नको. सर्व स्त्रीपुरुष निर्मिकाने स्वतंत्र व सारख्या अधिकाराचे निर्माण केले, तेव्हा त्या अधिकाराला धक्का न लावता खरेपणाने वागणे एवढीच पूजा. फुले पुरवून ज्या घराला नाव मिळाले त्या घराच्या मुलाने देवाला फूल नको असे लिहावे, यामागे किती दिवसांचे मंथन असेल!

याच ग्रंथात एका कुटुंबाचे चित्र आहे, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. घरातील बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म पत्करावा. आणि या चौघांनी एकमेकांचा हेवा न करता एकाच घरात प्रेमाने नांदावे. हे 1889 सालचे लिखाण आहे. आज आपल्या घरी सून दुसऱ्या पोटजातीची आली तरी लिंगधारणेचे काय करायचे, म्हणून माणसे मठात विचारायला येतात आणि रात्र रात्र जेवत नाहीत. त्या चित्रातील आईवडिलांच्या जागी आपण स्वतःला बसवून पाहावे. मी बसवून पाहिले. मला ते सहज जमले नाही.

जपाच्या बाबतीत मात्र माझा जोतीरावांशी मतभेद आहे व तो झाकून ठेवणे बरे नव्हे. जपाचा व्यापार होतो हे खरे. माळ ओढीत दुसऱ्याचा गळा कापणारे मीही पाहिले आहेत. परंतु मनाला रोज एका ठिकाणी आणून बसविण्यास काही खूण लागते. शरणांनी देऊळ नाकारले, पुजारी नाकारला, पण हाताचा तळवा रिकामा ठेवला नाही. त्यावर इष्टलिंग ठेवले. ते कोणाच्या परवानगीवाचून, कोणत्याही वेळी, स्त्रीला आणि पुरुषाला सारखेच पाहता येते. जोतीरावांचा हात निर्मिकापुढे रिकामा राहिला. त्यांच्यासारख्या तापून निघालेल्या माणसाला ते पेलले. साध्या माणसाला ते कितपत पेलेल, याविषयी मला शंका आहे. याला प्रतिवादही आहे, आणि तो आमच्याच घरात आहे. मध्यस्थ नको म्हणून ज्या वचनकारांनी एवढे सोसले त्यांच्या नावाने पुढे मठ झाले, गाद्या झाल्या, गाद्यांचे तंटे कोर्टात गेले. इष्टलिंग तळहातावर आले खरे, परंतु ते कोणी बांधायचे यावर पुन्हा हक्क आले. जोतीरावांनी आम्हांला विचारले असते तर मी खाली मान घातली असती.

त्यांना स्वतःलाही ही अडचण चुकली नाही. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. सर्व माणसे एका देवाची लेकरे आहेत आणि बापाला भेटायला लेकराला दलाल लागत नाही, हे त्याचे मूळ तत्त्व. सर्व जातिधर्मांच्या लोकांना तो मोकळा होता. पण माणसे जन्मतात, लग्ने करतात, मरतात. भटजीवाचून लग्न करायचे तर कसे? मग सत्यशोधक पद्धतीचा विधी ठरवावा लागला. 1873 च्या डिसेंबरात पहिले लग्न लागले. नवरानवरीने एकमेकांना आणि जमलेल्यांना साक्षी ठेवून वचने द्यायची. सभासद झाले, शपथ झाली, सभेचा वार झाला. धर्मसंस्था नको म्हणणाऱ्याच्या अंगणातही संस्थेचे रोप असे आपोआप उगवते. ते उपटावे की त्याला पाणी घालावे, हे त्यांच्यामागून आलेल्यांना नीट ठरविता आले नाही, आणि 1930 नंतर चळवळीतील पुष्कळ मंडळी राजकारणात विरून गेली.

इंदूरच्या त्या सद्गृहस्थांना आणखी एक गोष्ट सांगायची होती, कारण ती त्यांच्या दाराशी घडली आहे. जोतीराव 28 नोव्हेंबर 1890 रोजी गेले. पुढे पाच महिने पुरे होण्याच्या आत, 14 एप्रिल 1891 रोजी, इंदूरजवळच्या महू छावणीत भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. घरात वडिलांची कबीरपंथी भजने होती. बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीला तिसरे गुरू म्हणून बाबासाहेबांनी जोतीरावांना मानले आणि 1946 साली शूद्रांविषयीचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला. तरी त्यांनी गुरूची वाट जशीच्या तशी धरली नाही. निर्मिक त्यांनी घेतला नाही, आणि एकट्याची श्रद्धा पुरेशी आहे असेही मानले नाही. 1956 साली नागपुरात लाखो लोकांसह ते बुद्धाला शरण गेले, धम्माला गेले आणि संघालाही गेले. ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नाही त्याला पाठीशी माणसे लागतात. एकट्याने देव मानण्याची ऐपत सर्वांना नसते, हे बाबासाहेबांनी आपल्या लोकांच्या दशेवरून ओळखले होते. दोघांत बरोबर कोण, हे मी सांगू जाणार नाही. दोघांनीही आपापल्या मताचे मोल रोख चुकते केले.

जोतीरावांनी चुकते केलेले मोल मरणातही दिसले. मृत्युपत्रात त्यांनी आपला देह जाळू नये, मीठ घालून पुरावा, अशी इच्छा लिहून ठेवली होती. आपण लिंगायत लोक देह भूमीत ठेवतो, तेव्हा ही इच्छा वाचताना मी थबकलो. त्यांनी घराच्या मागे खड्डाही खणून ठेवविला होता. पण वस्तीत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही, आणि ज्या नगरपालिकेत त्यांनी काम केले तिच्याच नकारामुळे त्यांचा देह अग्नीला द्यावा लागला. धर्मसंस्थांचे स्मशान असते, दफनभूमी असते. कोणत्याच संस्थेचा नसलेल्या माणसाला शेवटी साडेतीन हात जागा मागायला कोठे जायचे हे कोणाला ठाऊक नव्हते.

त्यातच भाऊबंद उठले. यशवंत हा काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा. जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी त्याला दत्तक घेतले होते. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा त्याचा हक्क नाही अशी हरकत निघाली. प्रेत अंगणात आणि वाद दारात. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे त्यांनी स्वतःच्या हाती घेतले आणि सर्वांच्या पुढे चालू लागल्या. पुढच्या वर्षी, 1891 साली, डाव्या हाताने लिहिलेले ते पुस्तक छापून निघाले.