डॉ. सुब्बाराव आणि सोनेरी औषधाची दुसरी बाजू

नागपूरच्या गांधीबाग परिसरात औषधांचा घाऊक व्यापार चालतो. विदर्भातील गावोगावच्या दुकानांसाठी निघालेली कित्येक खोकी येथूनच रवाना होतात. त्या खोक्यांत टेट्रासायक्लीन वर्गातील प्रतिजैविके असतात, हत्तीरोगावरील डीईसीच्या गोळ्या असतात, फोलिक अॅसिड असते आणि कर्करोगावरील मेथोट्रेक्सेटही असते. या चार औषधांचा परस्परांशी वरवर पाहता काहीही संबंध नाही. परंतु चारही औषधांची मुळे अमेरिकेतील एकाच प्रयोगशाळेत जाऊन मिळतात आणि त्या प्रयोगशाळेचे सूत्रचालक होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. औषध देणारा आणि घेणारा दोघेही ज्याचे नाव क्वचितच जाणतात, अशा या संशोधकाचे चरित्र केवळ गौरवासाठी नव्हे, तर औषधाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे समजण्यासाठीही अभ्यासण्याजोगे आहे.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे एका गरीब कुटुंबात झाला. शालेय जीवनात अपयश त्यांच्या वाट्याला पुष्कळ आले. पुढे ते मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. गांधीजींच्या हाकेने भारावलेल्या या विद्यार्थ्याने शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा अंगरखा वापरला. त्यामुळे इंग्रज प्राध्यापकांची इतराजी ओढवली आणि पूर्ण पदवीऐवजी कनिष्ठ दर्जाच्या पदविकेवर त्यांना समाधान मानावे लागले. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार बंद झाल्यावर मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकविले.

संग्रहणीचा घाव

याच सुमारास त्यांचे दोन बंधू अल्पावधीत संग्रहणीने दगावले. खाल्लेले अन्न अंगी न लागणे, सततचे जुलाब, वाढता रक्तक्षय आणि शेवटी मृत्यू असा या व्याधीचा क्रम होता आणि तिच्यावर निश्चित उपाय वैद्यकाला ठाऊक नव्हता. स्वतः सुब्बाराव यांनाही याच रोगाने ग्रासले होते. आयुर्वेदीय उपचारांनी ते बरे झाले. पोटाच्या विकाराने घरातली कर्ती माणसे गेली, हा घाव त्यांच्या मनातून कधीच भरून निघाला नाही.

पुढे ते बोस्टनला पोहोचले. रुग्णालयात मलमूत्राची भांडी उचलण्याचे काम करून त्यांनी हार्वर्डमधील शिक्षणाचा खर्च भागविला. सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये रक्तातील फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत दिली, तिने जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना हात दिला. पुढे स्नायूंना ऊर्जा पुरविणारे फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी या द्रव्यांच्या शोधातही त्यांचा मोलाचा वाटा होता. तरीही हार्वर्डमध्ये त्यांना कायमचे पद मिळाले नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली कंपनीत गेले आणि तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

त्यानंतरची आठ वर्षे विलक्षण फलदायी ठरली. १९४५ च्या सुमारास त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिक अॅसिड कृत्रिम रीतीने तयार केले. त्याच रेणूत बदल करून घडविलेल्या अमिनोप्टेरिनने बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांचा आजार काही काळ मागे हटविता आला. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. १९४७ मध्ये हत्तीरोगावरील डीईसी आले. नागपूर जिल्ह्यात हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत घरोघर वाटल्या गेलेल्या गोळ्यांत हीच गोळी होती.

सोनेरी रंगाचे औषध

त्यांच्याच देखरेखीखाली बेंजामिन डग्गर हे सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ ठिकठिकाणच्या मातीचे नमुने तपासत होते. मिसुरी राज्यातील एका प्रयोगशेताच्या मातीत त्यांना सोनेरी रंगाचे द्रव्य निर्माण करणारा सूक्ष्म जीव सापडला. त्यापासून १९४८ मध्ये ऑरिओमायसिन जगापुढे आले. पेनिसिलिनचा मोठा भाग पोटातील आम्लाने नष्ट होई, तर स्ट्रेप्टोमायसिन सुईवाटेच द्यावे लागे. ऑरिओमायसिन मात्र तोंडाने घेता येई आणि नाना प्रकारच्या जिवाणूंवर चाले. टेट्रासायक्लीन कुळातील हे आद्य औषध होय. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचा उद्रेक होऊन काही रुग्ण दगावले, तेव्हा डॉक्टरांची भिस्त याच कुळातील डॉक्सिसायक्लीनवर होती.

या शोधात एक करुण योगायोगही दडलेला आहे. ज्या संग्रहणीने सुब्बाराव यांचे बंधू हिरावून नेले, तिच्यावर पुढे फोलिक अॅसिड आणि टेट्रासायक्लीन हीच औषधे गुणकारी ठरली. भावांना वाचवू न शकलेल्या माणसाच्या प्रयोगशाळेतून त्याच रोगाचे दोन्ही उतारे बाहेर पडले.

परंतु या औषधाला दुसरी बाजू होती. पोटात जाणारे प्रतिजैविक रोगजंतू आणि उपकारक जंतू असा भेद करीत नाही. आतड्यात वस्तीस असलेल्या निरुपद्रवी जिवाणूंचाही त्यात संहार होतो आणि मळमळ, जुलाब, तोंड येणे, बुरशीचा संसर्ग हे त्रास उद्भवतात. क्वचित प्रसंगी मोकळ्या झालेल्या जागेत घातक जिवाणू माजतो आणि मोठ्या आतड्याचा गंभीर दाह होतो. अशा दाहामागचा एक प्रमुख जिवाणू १९७८ मध्ये ओळखला गेला. ज्या कुळाच्या औषधाने पोटाचा असाध्य रोग हटविला, तेच पोट बिघडवूही शकते.

टेट्रासायक्लीनचे कॅल्शियमशी विशेष सख्य आहे. म्हणून ते दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या काही गोळ्यांबरोबर घेतले तर अंगी कमी लागते. याच गुणधर्मामुळे ते वाढत्या दातांत जाऊन बसते आणि ते कायमचे पिवळट-तपकिरी करते. म्हणून गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना हे औषध सामान्यतः देत नाहीत. स्क्रब टायफससारख्या जीवघेण्या आजारात अल्पकाळ डॉक्सिसायक्लीन देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात, तो वेगळा. उन्हाने कातडी भाजणे, गोळी पुरेशा पाण्यावाचून गिळल्यास अन्ननलिकेत व्रण पडणे हेही या कुळाचे ज्ञात दोष आहेत.

यांतील बरेचसे दोष वर्षानुवर्षांच्या वापरानंतर उघडकीस आले. ते पाहण्यास सुब्बाराव हयात नव्हते. ऑगस्ट १९४८ मध्ये, ५३ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. मायदेशी ते परतलेच नाहीत. भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, ते जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये.

भीती नको, बेपर्वाईही नको

या चरित्रापासून दोन टोकांच्या चुका टाळण्याचा धडा घेता येतो. पहिली चूक भीतीची. डीईसी घेतल्यावर शरीरातील जंतू मरू लागतात, तेव्हा ताप येतो, डोके दुखते; त्या धास्तीने गोळी फेकून देणारे लोक आहेत. वस्तुतः तो त्रास बहुधा औषध लागू पडल्याची खूण असतो. दुसरी चूक बेपर्वाईची. सर्दी झाली, अंग तापले की शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घ्यायच्या, दुकानात नाव सांगून दोन-चार सुट्या कॅप्सूल मागायच्या आणि बरे वाटताच सोडून द्यायच्या, ही सवय सुशिक्षितांतही रुजलेली आहे. सर्दी बहुधा विषाणूंची असते आणि तिच्यावर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नसतो. दुष्परिणाम मात्र पदरी पडतात. शिवाय अशा प्रत्येक वापराने जिवाणूंना त्या औषधाला दाद न देण्याची जणू तालीमच मिळते.

प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. पण नियम दुकानाच्या काउंटरवर पाळला जातो तो दोघांच्या शहाणपणाने, विकणाऱ्याच्या आणि मागणाऱ्याच्याही. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठली किंवा धाप लागली ते डॉक्टरांना सांगणे, सांगितलेली मात्रा सांगितलेले दिवस घेणे आणि रक्तमिश्रित किंवा न थांबणारे जुलाब झाल्यास विनाविलंब डॉक्टर गाठणे, एवढे पथ्य कोणासही जड नाही.

सुब्बाराव यांनी औषध शोधले ते रोगाच्या वेदनेची पुरती ओळख असल्यामुळे. ज्यांच्या हाती ते औषध आज सहज येते, त्यांनी त्याच्या सामर्थ्याची आणि मर्यादांचीही तितकीच ओळख ठेवणे, हेच त्या थोर संशोधकाचे खरे स्मरण होय.