अंध गणिती ऑयलर

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं १७०७ सालीं एका पाद्र्याच्या घरीं लेओनार्ड ऑयलरचा जन्म झाला. मुलानें आपल्याप्रमाणेंच धर्मोपदेशक व्हावें अशी पित्याची इच्छा होती. परंतु योहान बर्नुली या विख्यात गणितज्ञानें मुलाची बुद्धि ओळखून पित्याचें मन वळविलें.

१७२७ सालीं ऑयलर रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्सभेंत गेला. पुढें त्याचा उजवा डोळा गेला. उतारवयांत डाव्यानेंही दगा दिला. १७७१ सालीं आगींत घर जळालें. तरी त्याचें काम खुंटलें नाहीं. तो तोंडानें सांगे व त्याचे मुलगे आणि शिष्य लिहून घेत.

अशा स्थितींत १७७२ सालीं त्यानें २१४७४८३६४७ ही मूळ संख्या असल्याचें जाहीर केलें. २ हा आंकडा एकतीस वेळां मांडून गुणाकार करावा व त्यांतून १ वजा करावा, म्हणजे ही संख्या येते. सरळ मार्गानें पडताळा पाहावयाचा, तर ४६३४० पर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनीं, म्हणजे चार हजारांहून अधिक वेळां, भागून पाहावें लागतें. ऑयलरनें आधीं विचार केला. हिला भाजक असलाच, तर त्यास २४८ नें भागतां बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, असें त्यानें ताडलें. मग तपासावयाचे भाजक चारशेंहूनही कमी उरले; त्यांपैकीं एकानेंही निःशेष भाग गेला नाहीं. पुढें दीर्घकाळ याहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती.

१७८३ सालीं मृत्यूच्या दिवशींही तो नव्यानें सांपडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयीं बोलत होता. विद्यार्थीमित्रहो, गणित कठीण वाटलें म्हणजे पाटी खालीं ठेवण्यापूर्वीं या दृष्टिहीन वृद्धाचें स्मरण करा.