संतश्रेष्ठ श्री नरहरी सोनार : पेढीवरचा परमार्थ

ज्या व्यवसायावर आपल्या ज्ञातीचे पिढ्यान्‌पिढ्या पोट चालले, त्याच्याकडे पोटाचे एक साधन एवढ्याच दृष्टीने पाहण्याची सवय आज आपणा सर्वांस जडली आहे. आईबाप मुलास शेगडीजवळ बसवीत नाहीत आणि मुलेही आपण होऊन तिकडे फिरकत नाहीत. काळाचा ओघ पाहता त्यात कोणास दोष द्यावा असेही आम्हांस वाटत नाही. परंतु ज्या शेगडीपासून आपण दूर जात आहोत, तिच्याचपाशी बसून, हातातील हातोडी खाली न ठेवता, एका सत्पुरुषाने परमार्थ साधला. त्यांचे नाव आपल्या प्रत्येक घरात घेतले जाते. त्यांचे चरित्र मात्र पुण्यतिथीच्या कीर्तनापलीकडे फारसे विचारात घेतले जात नाही. म्हणून तळा येथील ज्ञातिबांधवांच्या व भगिनींच्या हाती पडणाऱ्या या स्मरणिकेत संत नरहरी सोनारांचे चरित्र, त्यांच्या व्यवसायाच्या अंगाने, यथामती सादर करीत आहोत.

नरहरी महाराजांचा काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा. देवगिरीच्या यादवांचे राज्य तेव्हा वैभवास पोहोचले होते. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरास राजापासून सामान्य भाविकापर्यंत अनेकांनी दिलेल्या देणग्यांची नोंद तेथील चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात आहे. त्या नोंदी १२७३ ते १२७७ या वर्षांतील असून ते रामदेवराव यादवाच्या कारकिर्दीचे दिवस होते. पुढे १२९६ मध्ये देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली आणि थोड्याच वर्षांत ते राज्य लयास गेले. याच धामधुमीच्या काळात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. नामदेव, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, चोखामेळा आणि जनाबाई या संतमेळ्यात परंपरेने नरहरी महाराजांची गणना होते. ही मंडळी आपापला उद्योग न सोडता भक्तीस लागली, हे त्या मेळ्याचे मोठे वैशिष्ट्य होय.

नरहरी महाराज पंढरपुरात राहत असूनही विठ्ठलाचे दर्शन घेत नसत. ते कट्टर शिवोपासक होते आणि पंढरीतील मल्लिकार्जुन हे त्यांचे दैवत. विठ्ठलाच्या राउळाचे शिखरही दृष्टीस पडू नये, अशी दक्षता ते घेत असल्याचे परंपरा सांगते. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथात त्यांची कथा आली आहे आणि कीर्तनकारांनी ती घरोघर पोहोचविली आहे. कथा सर्वश्रुत असली, तरी तिचा मुख्य भाग पुढील विवेचनासाठी येथे सांगणे अवश्य आहे.

एका सावकाराने पुत्रप्राप्तीसाठी विठ्ठलास नवस केला. नवस फळास आला, तेव्हा त्याने देवासाठी सोन्याचे रत्नजडित कटिसूत्र करविण्याचे ठरविले. असे नाजूक काम करणारा कारागीर म्हणून गावात नरहरींचीच ख्याती होती. सावकार त्यांच्याकडे आला. देवळात पाऊल टाकणार नाही, परंतु माप आणून दिल्यास दागिना घडवून देईन, असे नरहरींनी सांगितले. माप आले व कटिसूत्र तयार झाले. सावकाराने ते देवास बांधून पाहिले, तो सैल झाले. दुरुस्त करून दिले, तो अपुरे पडले. सावकार रडकुंडीस आला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून देवळात जाण्यास नरहरी तयार झाले. मूर्तीचे माप घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केले, तेव्हा हातांस पाच मुखे, दहा भुजा, सर्पांची भूषणे आणि व्याघ्रांबर यांचा स्पर्श झाला. आपला शंकरच पुढे उभा आहे असे जाणून त्यांनी पट्टी काढली, तो समोर कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधली, तो हातांखाली पुन्हा शिव. अखेर हरी आणि हर हे दोन नाहीत, ही खूण त्यांस पटली. त्यांनी पट्टी कायमची सोडली. कटिसूत्रही मग बरोबर बसले.

या कथेत चमत्काराचा भाग आहे, आणि तो श्रद्धेचा विषय असल्याने त्याविषयी वाद घालण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आमचे लक्ष जाते ते निराळ्या गोष्टीकडे. नरहरींचे हे परिवर्तन कोणा पंडिताच्या वादविवादाने झाले नाही, की कोणा गुरूच्या उपदेशानेही झाले नाही. ते झाले एका दागिन्याच्या मापावरून. दोन्ही हात कमरेवर टेकून उभ्या असलेल्या मूर्तीच्या कटीचे माप दुसऱ्याने आणलेल्या दोऱ्यावर विसंबून धरणे किती अवघड, हे कारागिरांस सांगणे नलगे. ज्याच्या अंगावर दागिना चढावयाचा, त्यास पाहावयाचेच नाही असा पण करून काम हाती घेतले, तर ते काम चुकणारच. नरहरी हाडाचे कारागीर होते म्हणूनच ते देवळात गेले. मताभिमानाने त्यांस बाहेर थांबविले होते. दागिना नीट बसला पाहिजे या कारागिराच्या आग्रहाने त्यांस आत नेले. चुकलेले काम तसेच सावकाराच्या गळ्यात बांधून मोकळे होणारा सोनार असता, तर त्यास विठ्ठल भेटला नसता.

सोनारास हे ज्ञान कठीण वाटू नये, असेही त्याच्या धंद्यात काही आहे. एका सोन्याचे अनेक अलंकार होतात, नावे व रूपे बदलतात, सोने मात्र तेच राहते, हा वेदान्तातील प्रसिद्ध दृष्टान्त. ज्ञानेश्वर महाराजांनीही तो अनेक वेळा योजिला आहे. पंडितास तो ग्रंथात वाचून समजून घ्यावा लागतो. सोनाराच्या डोळ्यांपुढे तो रोज घडतो. आजीच्या पाटल्या मुशीत पडतात आणि नातीची साखळी होऊन बाहेर येतात. पाटली कोठे गेली असे सोनार कधी विचारीत नाही. कारण त्याने प्रथमपासून तोलले ते सोने. शिव आणि विठ्ठल हे एकाच सोन्याचे दोन अलंकार, ही गोष्ट नरहरींच्या हातांस आधीच ठाऊक होती. मनाने ती त्या दिवशी ओळखली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जडावाचे काम तर याहूनही बोलके आहे. रत्न बसविण्यापूर्वी सोन्याचे घर तयार करावे लागते. घरात लाख भरतात, रत्नाखाली चकचकीत वर्ख ठेवतात आणि मग कडेने सोन्याच्या पातळ पट्ट्या लोखंडी सळईने दाबून दाबून रत्न घट्ट करतात. हेच कोंदण. येथे झाळ देता येत नाही. अग्नीची आच लागली तर लाख वितळेल आणि रत्नही तडकेल. म्हणून कोंदणाचे सोने अगदी शुद्ध लागते. शुद्ध सोने मऊ असते व नुसत्या दाबाने एकमेकांस धरते. हिणकस सोने कडक असते, ते दाबले तरी जुळत नाही. रत्न कितीही मोलाचे असले, तरी त्यास धरून ठेवण्याचे काम हे मऊ, निर्मळ सोनेच करते. ही गोष्ट वर्षानुवर्षे हातांनी अनुभवणाऱ्या माणसास आपल्या अंतःकरणाविषयी काय वाटत असेल, याचा विचार प्रत्येकाने करून पाहावा. नाम हे रत्न खरे, परंतु मन कठोर असेल तर ते रत्न टिकणार कोठे?

हे आम्ही पदरचे सांगतो असे कोणी समजू नये. नरहरी महाराजांचे अभंग मोजकेच उपलब्ध आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अभंगात त्यांनी आपली सारी पेढीच देवापुढे मांडली आहे. आपण देवाच्या नामाचा व्यवहार करणारे सोनार आहोत, असे सांगून ते देहास शेगडीच्या ठिकाणी कल्पितात आणि आतील आत्म्यास सोने मानतात. मूस, फुंकणी, हातोडी, कातर, तराजू या प्रत्येक हत्यारास त्यांनी साधनेचे एकेक अंग नेमून दिले आहे. सावतोबांनी मळ्याची आणि सेना महाराजांनी हजामतीची भाषा जशी भक्तीस लाविली, तशीच नरहरींनी पेढीची लाविली. त्यासाठी त्यांस एकही हत्यार टाकून द्यावे लागले नाही, की नवे आणावे लागले नाही.

या अभंगातील एक गोष्ट मात्र प्रत्येक सुवर्णकाराने मनात जपून ठेवावी अशी आहे. सोनाराच्या प्रामाणिकपणाविषयी लोकांत पूर्वापार संशय आहे. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांची संगत नको, अशी म्हण गावोगाव चालत आली आहे. गुंजेगुंजेने सोने चोरणारा, सख्ख्या आईच्या दागिन्यातही हात मारणारा, अशी आपली थट्टा होत आली. नरहरींच्या कानी हे बोल पडले नसतील असे कसे म्हणावे? परंतु त्यांनी ना त्रागा केला, ना आपल्या जातीची वकिली केली. अभंगात त्यांनी चोरीचा शब्द स्वतःच उच्चारला आणि आपण कोणते सोने चोरले हेही सांगितले. ते सोने म्हणजे रामनाम. लोकांनी दिलेला कलंक त्यांनी उचलून भक्तीच्या तराजूत टाकला. ज्याचे चित्त त्या सोन्यावर जडले, त्यास गिऱ्हाइकाच्या गुंजभर सोन्याचा मोह कोठून राहणार? तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा असा हिशेब राखणाऱ्या धंद्यात एका गुंजेचाही मोह न होणे, हीच नरहरींची तपश्चर्या होती असे आम्ही मानतो.

कारागिराने आपल्या कष्टाचा वाटा धर्मकार्यास द्यावा, ही या किनाऱ्याची फार जुनी रीत आहे. आपल्या तळ्यापासून जवळच, मांदाडच्या खाडीकडील कुडे येथे सव्वीस बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणारे म्हणून एका लोखंडाच्या व्यापाऱ्याची आणि एका माळ्याचीही नोंद आहे. मुंबईजवळील कान्हेरी येथे कल्याणच्या एका सुवर्णकाराने पाण्याचे टाके खोदवून दिल्याचा लेख आहे. नरहरींच्या आधी हजार वर्षे या मुलखातील सोनार आपली मिळकत तहानलेल्यांच्या पाण्यासाठी वेचीत होता. पेढी आणि परमार्थ यांची गाठ आपल्याकडे किती जुनी आहे, हे यावरून ध्यानी येईल.

ती गाठ सैल पडण्याचे प्रसंगही आले. १९६३ च्या जानेवारीत सरकारने सुवर्णनियंत्रण लागू केले आणि चौदा कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. देशभर हजारो सुवर्णकारांच्या शेगड्या विझल्या. ज्या हातांस शुद्ध सोने ओळखण्याचे शिक्षण मिळाले होते, त्यांस हिणकस सोने घडवा असा हुकूम झाला. अशा सोन्यात कोंदणाचे काम होणे नाही, हे वर सांगितलेच आहे. चौदा कॅरेटचा निर्बंध १९६६ मध्ये उठला, परंतु १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. त्या वर्षांत ज्या घरांनी हत्यारे विकून नोकरी धरली, त्यांतील अनेक घरे पुन्हा या धंद्याकडे वळली नाहीत. आता यंत्रांवर साच्यांचे दागिने निघतात. २०२१ पासून हॉलमार्कची खूणही टप्प्याटप्प्याने सक्तीची होऊ लागली आहे. गिऱ्हाइकाच्या हिताची ती गोष्ट असल्याने तिचे आम्ही स्वागतच करतो. मात्र पूर्वी जो विश्वास माणसावर ठेवावा लागे, तो आता शिक्क्यावर ठेवला जातो, हेही खरे.

शिक्का सोन्याचा कस सांगतो, घडविणाऱ्याचा कस तो सांगत नाही. तो पाहण्याची कसोटी नरहरी महाराज मागे ठेवून गेले आहेत. काम चुकले तर पुन्हा माप घ्यावे, त्यासाठी आपला अभिमान आड येत असेल तर तो बाजूस ठेवावा, आणि दुसऱ्याच्या सोन्यावर बसलो असता चित्त आपल्या सोन्यावर असावे. एवढ्या तीन गोष्टी या चरित्रातून घेण्यासारख्या आहेत. आपली मुले उद्या कारखान्यात, दवाखान्यात किंवा कचेरीत काम करतील. तेथे शेगडी नसेल, मूसही नसेल. परंतु माप तेथेही घ्यावे लागते आणि दुसऱ्याची ठेव तेथेही हाताखाली असते. म्हणून हे चरित्र शेगडी विझलेल्या घरासही तितकेच उपयोगी आहे.

माघ वद्य तृतीयेस महाराजांची पुण्यतिथी असते. त्या दिवशी पालखी निघावी, कीर्तन व महाप्रसाद व्हावा, हे योग्यच आहे. आमची एवढीच विनंती की, ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची हत्यारे पेटीत पडून आहेत, त्यांनी त्या दिवशी ती बाहेर काढावी, पुसावी आणि पूजेत मांडावी. घरातील मुलांस जवळ बसवून प्रत्येक हत्याराचे नाव व त्याचे काम सांगावे. ते सांगणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत, तोवर हे झाले पाहिजे. नरहरी महाराजांनी ज्या हत्यारांत देव पाहिला, त्यांची नावेही पुढच्या पिढीस ठाऊक नसणे आपणांस शोभणार नाही.