बुगाटी जोरात पळवली म्हणून केस झाली, आणि त्याच केसमुळे जेआरडींचं लग्न जुळलं

जेआरडी टाटा म्हटलं की डोळ्यांसमोर विमान येतं. भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स, एअर इंडिया, हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण तरुणपणी या माणसाला आणखी एक नाद होता. जमिनीवरचा. गाडी सुसाट पळवण्याचा.

जेआरडी जन्मले पॅरिसमध्ये, २९ जुलै १९०४ रोजी. वडील रतनजी दादाभाई टाटा, आई सुझान फ्रेंच. सुट्ट्या जायच्या फ्रान्सच्या हार्डेलो गावी, समुद्रकिनारी. १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचं घरही तिथंच. त्यामुळं वेगाचं वेड लागायला वेगळं कारण लागलंच नाही.

त्या काळी युरोपात गाड्यांच्या मोठ्या शर्यती चक्क रोजच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर व्हायच्या. सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ, १९२३ पासून फ्रान्समधली ल मान्स, १९२७ पासून इटलीची मिल्ले मिलिया. ल मान्सला तर सुरुवातीला टूरिंग गाड्या धावायच्या, म्हणजे मडगार्ड, दिवे, टप असलेल्या, घरच्यांना घेऊन फिरायला जाता येईल अशा. आणि १९२५ ते १९२९ सलग पाच वर्षं टार्गा फ्लोरिओ जिंकणारी गाडी होती बुगाटी.

हीच बुगाटी जेआरडींकडे मुंबईत होती. तीही निळी, म्हणजे शर्यतीत फ्रेंच गाड्यांचा जो रंग असायचा तोच. ट्राम आणि व्हिक्टोरियांच्या मुंबईत बुगाटी म्हणजे टांग्याच्या अड्ड्यावर रेसचा घोडा. युरोपात शर्यतीसाठी रस्ता बंद करायचे, इथं रस्त्यावर लोक होते. हौस कितीही मोठी असो, हा फरक लहान नव्हता.

व्हायचं तेच झालं. गाडी बेफाम चालवल्याची केस जेआरडींवर झाली. टाटांचा मुलगा म्हणून पोलिसांनी सोडून दिलं नाही, हे विशेष. बचावासाठी त्यांनी गाठलं जॅक विकाजी या नामांकित वकिलांना. या वकीलसाहेबांची पुतणी म्हणजे थेल्मा. ओळख झाली, वाढली आणि १५ डिसेंबर १९३० रोजी दोघांचं लग्न झालं.

त्याच वर्षी जेआरडी एका खऱ्याखुऱ्या शर्यतीत उतरले होते, पण आकाशातल्या. भारत ते इंग्लंड किंवा उलट, एकट्यानं विमान उडवणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगा खान ५०० पौंड देणार होते. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा कोवळा पोरगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघं समोरासमोर आले. अस्पीचं विमान अडलेलं, कारण स्पार्क प्लग नव्हता. जेआरडींनी स्वतःकडचा जादा प्लग काढून त्याला दिला.

अस्पी आधी पोचला. बक्षीस त्याचं. हाच अस्पी पुढे १९६० मध्ये हवाई दलाचा प्रमुख झाला.

जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला विमान उतरवलं. त्यातूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, ते त्याच मार्गानं पुन्हा उडाले. एकटे. वय ७८.