लक्ष्मीबाई टिळक : जीवन आणि वाङ्मयीन घडण

अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. अकोल्याला प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम होता, अशी परंपरेची श्रद्धा आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील एका सूक्ताशी अगस्तींच्या बरोबरीने ज्या लोपामुद्रेचे नाव जोडले जाते, ती या परंपरेनुसार इथलीच गृहिणी ठरते. त्या श्रद्धेचे ऐतिहासिक मोल काय, हा प्रश्न वेगळा. भूगोलाची साक्ष मात्र निर्विवाद आहे. प्रवरा आणि मुळा या दोन्ही नद्या अकोले तालुक्यातील सह्याद्रीत उगम पावतात. पैकी प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मुळेच्या खोऱ्यात, राहुरीनजीकच्या ताहराबाद येथे, अठराव्या शतकात महिपतींनी संतचरित्रे ओवीबद्ध केली आणि त्याच राहुरीत विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई टिळकांचा संसार काही वर्षे नांदला. मराठी आत्मचरित्राला ज्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे एक नवी भाषा लाभली, त्या लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील निर्णायक वर्षे नगर जिल्ह्यातच गेली. त्यांच्या चरित्राकडे पाहताना ही भूमी ध्यानात ठेवावी लागते.

लक्ष्मीबाईंचे वर्णन शाळा न शिकलेली, पण उपजत प्रतिभेची स्त्री असे करण्याचा प्रघात आहे. त्यात कौतुक असले तरी एक अन्यायही आहे. उपजत म्हटले की घडण शोधण्याची गरज उरत नाही. वस्तुतः लक्ष्मीबाईंचे गद्य ज्या प्रसंगांतून घडले ते तपासता येण्याजोगे आहेत, आणि त्यांतील बहुतेक प्रसंगी त्यांना स्वतःच्या बुद्धीने, कोणाचाही आधार नसताना, निर्णय घ्यावा लागला होता.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या गोदाकाठच्या खेड्यात, गोखल्यांच्या चित्पावन घरात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात ती मनू. १८५७ च्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या आघाताने तिच्या वडिलांच्या मनावर जो परिणाम झाला तो सोवळ्याच्या वेडाच्या रूपाने प्रकटला. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावयाची, मग ती धुण्याजोगी असो वा नसो. बाहेरच्या माणसाचा स्पर्श ही घरातील सर्वांत मोठी भीती होती. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात लक्ष्मीबाईंनी या घराचे जे चित्र रेखाटले ते हसू आणणारे आहे. परंतु त्या हसण्याखाली मुलांची उपासमार आणि आईची घुसमट स्पष्ट दिसते. विटाळाची कल्पना माणसाला कोणत्या थराला नेते, हे मनूने ग्रंथातून वाचले नाही. ते तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून पाहिले. पुढील निर्णयाचे बीज येथे आहे.

अकराव्या वर्षी तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. टिळक तिच्याहून साडेसहा वर्षांनी मोठे होते. कवित्व, वक्तृत्व आणि देशप्रेम यांनी भारलेला हा तरुण एका जागी स्थिर राहणारा नव्हता. नोकरी लागावी, सुटावी. बिऱ्हाड मांडावे, मोडावे. घरात न सांगता निघून जावे आणि महिन्यांनी परतावे, असा हा संसार होता. पैसा टिळकांच्या हाती टिकत नसे. रागाचा झटका आणि पश्चात्तापाचा उमाळा दोन्ही सारखेच तीव्र. पहिली अपत्ये दगावली. १८९१ मध्ये देवदत्त जन्मला आणि तो मात्र जगला. या अस्थिर दिवसांतच लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली. शिक्षक टिळकच होते आणि शिक्षणात सातत्य कधीच नव्हते. जोडाक्षरांशी त्यांचे वैर अखेरपर्यंत राहिले, असे दिसते. परंतु घरात सतत कविता वाचली जात होती, रचली जात होती, तिच्यावर वाद होत होते. कानाने झालेले हे शिक्षण शाळेतील चार इयत्तांपेक्षा कमी मोलाचे मानता येणार नाही.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली आणि त्यांच्या मनात दीर्घकाळ चाललेल्या धर्मचिंतनाला दिशा मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला याची पूर्वकल्पना नव्हती. एका वाक्यात सांगून संपणारी ही घटना लक्ष्मीबाईंच्या जीवनात मात्र पुढील पाच वर्षे संपली नाही.

त्या वेळच्या ब्राह्मण समाजात या स्थितीला नावच नव्हते. नवरा जिवंत असल्याने ती विधवा नव्हती. त्याने तिला टाकलेही नव्हते, उलट तो तिला बोलावीत होता, त्यामुळे परित्यक्ताही म्हणता येत नव्हते. तरीही त्याच्याकडे जाणे म्हणजे जात, माहेर, सासर, देवघर सारे एका पावलात सोडणे. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी राहिल्या. सहानुभूती भरपूर मिळाली. परंतु अशा सहानुभूतीत सल्ल्याचा भाग मोठा असतो, आणि प्रत्येकाचा सल्ला दुसऱ्याच्या विरुद्ध होता. याच काळात त्यांच्या मनातील वेदनेला पद्याचे वळण लागले. टिळकांशी पत्रव्यवहार चालू राहिला. मन वळविण्याचा प्रयत्न दोन्ही बाजूंनी होता, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्यास फसविले नाही, ही या दांपत्याच्या कथेतील विशेष लक्षणीय बाब आहे.

येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्यापाशी संस्कृत शास्त्रांचे अध्ययन होते, देशभरची कीर्ती होती, वादविवादाची सवय होती, आणि त्या कोणाच्या पत्नी म्हणून निर्णय घेत नव्हत्या. लक्ष्मीबाईंजवळ यांपैकी काहीच नव्हते. म्हणूनच त्यांचा मार्ग वेगळा झाला आणि कदाचित अधिक अवघडही.

सुमारे साडेचार-पाच वर्षांच्या वियोगानंतर त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरला केंद्र उभारले होते. १८३९ मध्ये तेथे आलेल्या सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळांसाठी १८६२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत काम केले, आणि सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापनशिक्षणाशीही त्यांचे नाव निगडित आहे. स्त्रीशिक्षणाची अशी पूर्वपीठिका असलेल्या या ख्रिस्ती वसाहतीत लक्ष्मीबाईंनी स्वतंत्र चूल मांडली. पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी त्यास हरकत घेतली नाही. संसार एक आणि स्वयंपाक दोन, अशी ही तडजोड काही काळ चालली.

ती मोडली कोणाच्या उपदेशाने नव्हे. पाण्याच्या अडचणीतून उद्भवलेल्या एका साध्या प्रसंगाने त्यांना विचारात पाडले. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने? ईश्वराने केला असता तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा डोळ्यांना वेगळ्या दिसतात तशा माणसांच्याही दिसल्या असत्या. निसर्गात माणसाचे भेद दोनच दिसतात, स्त्री आणि पुरुष. विचार इतकाच आणि इतका सरळ. त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. जात प्रथम गेली. धर्मांतर नंतर, १९०० मध्ये, दत्तूसह झाले. पतीच्या मागोमाग पत्नी गेली, ही समजूत या क्रमापुढे टिकत नाही. जलालपूरच्या घरातील सोवळ्याने वडिलांचे जे केले त्याचे उत्तर मुलीने नगरमध्ये शोधले, असे म्हणण्यास आधार आहे.

या निर्णयाची कसोटी पुढे आचरणात लागली. छप्पन्नाच्या दुष्काळाने पोरकी झालेली मुले टिळकांच्या घरात आली. ती कोणत्या जातीची, हा प्रश्न उरला नव्हता. त्यांना जेवू काय घालावे, हा होता. तो सोडविण्याचे काम अर्थातच लक्ष्मीबाईंकडे होते. नगरच्या प्लेगच्या दिवसांत त्यांनी रुग्णसेवा केली. राहुरीच्या वास्तव्यात खेड्यापाड्यांतील महार-मांग कुटुंबांशी त्यांचा घरोबा झाला, आणि त्या माणसांची बोली त्यांच्या कानी नित्य पडू लागली. त्यांच्या गद्यातील संवादांना जो जिवंतपणा आहे त्याचा उगम शोधताना नाशिकच्या ब्राह्मणी घरांइतकेच राहुरीच्या या दिवसांकडे लक्ष द्यावयास हवे. अभ्यासकांनी याची उपेक्षा केली आहे, असे खेदाने नमूद करावे लागते.

नगरच्या घरात कवी म्हणून आलेल्या तरुणांपैकी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, यांचे स्थान वेगळे होते. हा मनस्वी, हळवा, चटकन रुसणारा मुलगा लक्ष्मीबाईंना पोटच्या पोरासारखा झाला. मे १९१८ मध्ये भादली स्थानकानजीक रेल्वे अपघातात त्याचा अंत झाला. वर्षभरानेच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत निधन पावले. त्यापूर्वी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता, त्यामुळे घरात संचय असा काही नव्हताच.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी लक्ष्मीबाईंसमोर पुन्हा पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनी केली. पुढे देवदत्तांच्या नोकरीनिमित्त कराचीस वास्तव्य घडले. या वर्षांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही; त्यांचे मोल पुढे झालेल्या लेखनाच्या पूर्वतयारीपुरते आहे.

टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी सांगाव्यात, या देवदत्तांच्या आग्रहातून ‘स्मृतिचित्रे’ जन्मास आली. प्रथम ‘संजीवनी’ साप्ताहिकातून आणि नंतर १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ती प्रसिद्ध झाली. हेतू पतीचे चरित्र, निर्मिती मात्र स्वतःचे आत्मचरित्र. हा पालट योजनापूर्वक घडलेला नाही, आणि पुस्तकाचे सामर्थ्य त्यातच आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील आठवणींत पतीविषयीचा पूज्यभाव प्रत्येक पानावर पहारा देतो. लक्ष्मीबाईंच्या पानांवर टिळक संतापी, विसरभोळे, उधळे, उदार आणि महान असे सारे एकाच वेळी आहेत. त्यांच्यावरील प्रेम कोठेही कमी झालेले नाही. पहारा मात्र उठला आहे. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’पासून मराठीत धर्मांतराची जी निवेदने लिहिली गेली त्यांत मताचे मंडन अटळ असे. लक्ष्मीबाई मंडन करीत नाहीत. धर्म बदलल्यावरही त्या आपल्या आधीच्या आयुष्याला अंधार ठरवीत नाहीत. तेथील माणसे, सण, गाणी, वेडेपणा हे सारे त्यांना हवेसे वाटते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ही वृत्ती दुर्मीळ होती, आणि सवर्ण वाचकाने हे पुस्तक इतक्या सहजपणे आपलेसे केले त्याचे एक कारण तीच होय. अर्थात या आपलेपणाच्या भरात जातित्यागाचा तो कठोर निर्णय वाचकाच्या नजरेआड झाला आणि विनोद तेवढा पाठ्यपुस्तकांत राहिला, हेही खरे.

संहितेचा प्रश्न येथे उपस्थित होतो. लेखनिक, संपादक आणि संक्षेपकार या नात्यांनी कुटुंबीयांचा हात या ग्रंथावर फिरला आहे. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचली ती संक्षिप्त रूपात. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या आवृत्तीने अभ्यासाला विश्वसनीय पाया मिळाला. जोसेफीन इंक्स्टर यांचा इंग्रजी अनुवाद १९५० मध्ये आणि शांता गोखले यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन अनुवादांमधील सदुसष्ट वर्षांचे अंतर मराठी अभिजात कृतींच्या भाषांतराविषयीची उदासीनताच दाखविते.

गद्यलेखिका म्हणून मिळालेल्या कीर्तीमुळे लक्ष्मीबाईंचे पद्य मागे पडले. त्यांच्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रह त्यांच्या पश्चात १९५१ मध्ये निघाला. परंतु त्यांची सर्वांत मोठी पद्यरचना निराळीच आहे. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. दहा अध्याय आणि अकराव्याचा काही भाग एवढे झाल्यावर ते गेले. जोडाक्षर लिहिताना अडखळणाऱ्या या स्त्रीने ते काम हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय रचले. महिपतींच्या ओवीने ज्या खोऱ्यात संत घराघरांत पोहोचविले, त्याच खोऱ्यात राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याच छंदात येशूचे चरित्र सांगावे, यात वरवर दिसते तितका योगायोग नाही. माजघरातील कहाण्या, पोथीवाचन, कीर्तन यांतून ओवी त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. धर्म बदलला तेव्हा ती सोडावी लागली नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले तेव्हा ‘ख्रिस्तायना’चा एक अध्याय उरला होता. तो, शहात्तरावा, देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये तिघांच्या हातचे हे काव्य प्रसिद्ध झाले.