उसनी दुर्बीण

मैत्रिणींनो, उसनी आणलेली वस्तू जपून वापरायची, हे आपण पोरांना शिकवतोच. बंगालच्या राधागोविंद चंद्र यांनी तर सातासमुद्रापलीकडून आलेली दुर्बीण जपली!

१८७८ साली जेसोरजवळ (आता बांगलादेशात) त्यांचा जन्म. प्रवेश परीक्षेत तीनदा नापास. शेवटी सरकारी खजिन्यात नाणी पारखायची नोकरी धरली. पण शाळेतल्या एका धड्यानं लागलेलं आकाशाचं वेड काही सुटलं नाही. १९१२ मध्ये पदरमोड करून इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. घरच्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे!

जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात अचानक तेजाळलेला नवतारा त्यांना दिसला. पुढे अमेरिकेतल्या तारानिरीक्षकांच्या संघटनेनं त्यांना सभासद करून घेतलं. काम रूपविकारी ताऱ्यांचं. यांचं तेज कमीजास्त होतं. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून ते किती, हे रोज लिहून ठेवायचं. शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळे तारा नळीतून सारखा निसटतो. दिवसा नाणी, रात्री तारे, पारख दोन्हीकडे!

नोंदी इतक्या चोख, की १९२६ मध्ये संघटनेनं एका सभासदाची सहा इंची दुर्बीण त्यांना वापरायला पाठवली. १९५४ पर्यंत सदतीस हजारांवर नोंदी झाल्या. मधे फाळणी आली, जेसोर सुटलं, बारासातला नव्यानं बिऱ्हाड मांडावं लागलं.

१९७५ मध्ये ते गेले. दुर्बीण मात्र त्यांनी स्वतःची म्हणून ठेवून घेतली नाही. ती खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली नि पुढे तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोचली.